गोधडीत कसल्या आल्यात भावना!

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर गोधडीवरून भांडण चालू आहे. भाचीने तिच्या वडिलांच्या जुन्या शर्टांची गोधडी शिवली, फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'बाबांना निरोप द्यायला आठ महिने लागले.' मोठ्या काकूंनी लगेच सुनावलं, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत. ते एक वेळ समजू शकते. पण मामेभाऊ! 'आपल्या आज्यांनी थंडी वाजते म्हणून गोधड्या शिवल्या. गोधडीत कसल्या आल्यात भावना? हे तिकडचं खूळ.'

तिकडचं म्हणजे माझ्याकडचं. १९ वर्षं अमेरिकेत, ओहायोत काढली तरी टोमणा कळतो मला.

मग मीही सोडलं नाही. अलाबामातलं जीज बेंड काढलं. कापसाच्या शेतात राबणाऱ्या गरीब कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथल्या मिझुरी पेटवेने नवरा गेल्यावर, १९४२ मध्ये, त्याच्या शेतात घालायच्या विटक्या कपड्यांची वाकळ शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावं म्हणून, असं तिच्या मुलीने सांगून ठेवलंय. थंडीही होती आणि नवराही होता त्या वाकळीत. २००६ साली जीज बेंडच्या वाकळींची टपाल तिकिटं निघाली इथे. आपण काय केलं गोधडीचं? पायपुसणं. (ऑनलाइन महागात विकतात त्या मी धरत नाही.)

'थंडी होतीच ना मग,' मामेभाऊ.

म्हणून एड्स क्विल्ट. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर १,९२० तुकडे अंथरले होते. प्रत्येक तीन बाय सहा फूट, थडग्याएवढा. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत त्यांच्या सोबत्यांनी, घरच्यांनी शिवलेले. ते पांघरून कुणाची थंडी गेली, सांग? त्याने नुसता अंगठा टाकला.

आमच्या गिल्डमधल्या, म्हणजे इथल्या गोधड्या शिवणाऱ्यांच्या मंडळातल्या, कितीतरी जणी वरचे तुकडे तेवढे जोडतात आणि टाके घालायला लाँगआर्म मशीनवालीकडे देतात, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. आणखीही एक लिहिलं नाही.

माझ्याकडे आजीची गोधडी आहे. आत तीन लुगडी, आजोबांचं धोतर, वर आईची विटलेली पातळं. धावदोरा कडेने सुरू होतो आणि चौकोनात फिरत मध्याकडे येतो. टाके तांदळाच्या दाण्याएवढे. फक्त एका कोपऱ्यात, वीतभर जागेत, ते लांब आणि तिरके पडलेत. पुढे पुन्हा सरळ. लायब्ररीच्या तळघरात गिल्डच्या शो अँड टेलला, म्हणजे आपली गोधडी दाखवून तिची गोष्ट सांगायला, ती नेली, तेव्हा एकीने त्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, इथे काय झालं? तोपर्यंत कुणी पहिल्या पाळण्याविषयी, कुणी घटस्फोटाविषयी बोललं होतं. मी म्हणाले, इथे माझे आजोबा गेले.

खोली गप्प झाली. क्लिनेक्सचा डबा फिरला. तीन वर्षं मी त्या गिल्डमध्ये होते, पॉटलकच्या जेवणाला कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी शेजारची खुर्ची ओढून मला 'ये' म्हणालं.

गोधडी माझ्या बारशाची. आजोबा गेले तेव्हा मी दहावीत होते.

परवा भांडण रंगात आलेलं असताना आईला सांगोल्याला फोन लावला. कोपऱ्याचा फोटो पाठवला आणि विचारलं, हे टाके असे का गं? माझ्या बाजूचं काहीतरी मिळेल असं वाटत होतं.

आईने चष्मा शोधला, फोटो पाहिला. म्हणाली, "लाईट गेली असंल." मग थोडं थांबून, "आणि त्या पोरीला सांग, कॉलरी उसवून काढ म्हणावं. जाड पडतात, सुई मोडते."