'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (रशियन पुरुष आणि पासष्टी)

स्पष्टवक्ता साहेब, खाली कॉमेंटमध्येच उत्तर देणार होतो पण लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: रशियातले इतके पुरुष पासष्टीच्या आत का जातात या माझ्या लेखावर यांचं म्हणणं असं की "सगळं खापर व्होडकावर फोडणं बालिशपणा आहे, देश कोसळला, गरिबी आली, माणसं मेली, आकडे कसे काढतात ते आधी शिका मग ब्लॉग लिहा." शिवाय शीर्षक भडक, आकडे जुने, आणि पासष्टीपर्यंत जगण्याची टक्केवारी ही खऱ्या पिढीची नसून कागदावरच्या पिढीची (म्हणजे एकाच वर्षातल्या निरनिराळ्या वयांच्या मृत्युदरांवरून मांडलेल्या काल्पनिक पिढीची) असते, वगैरे.

शीर्षक भडक होतं, मान्य. बदललंय.

आता 'बालिशपणा'. मतभेद असू देत हो, पण ही काय भाषा? समोर बसून चहा पिताना बोलला असतात असं? मी नव्वदच्या दशकात व्होल्गाकाठी मेडिकलला होतो, तुम्ही बहुधा तेव्हा शाळेत असाल (चूकभूल देणे घेणे). तेव्हाही दुकानात व्होडकाच्या काही बाटल्यांना फिरकीचं झाकण नसायचं, नुसती पातळ अॅल्युमिनियमची टोपी, कान धरून ओढली की फाटायची आणि परत लावायची सोयच नाही, म्हणजे उघडली की संपवायची. तिथल्या कब्रस्तानात नवराबायकोचा एकच दगड असतो, दोघांचे फोटो कोरलेले, नवऱ्याच्या खाली दोन साल आणि बायकोच्या खाली एकच, पुढची जागा कोरी. असे दगड ओळीने पाहिलेत मी. हे तुम्हाला एक्सेलमध्ये नाही दिसणार.

आणि गरिबी काय फक्त पुरुषांनाच आली होती का? बायकाही त्याच दोन खोल्यांत राहत होत्या, तोच थकलेला पगार, तीच रांग. तरी १९९४ साली पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५८ च्या खाली आणि बायकांचं ७१ च्या आसपास. त्याच्या उलट १९८५ बघा. मे महिन्यात गोर्बाचेव्हनी दारूविरोधी मोहीम काढली, उत्पादन कमी केलं, दुकानं कमी केली, द्राक्षमळे सुद्धा उपटले, आणि दोनेक वर्षांत पुरुषांचं आयुर्मान ६२ च्या आसपासचं जवळपास ६५ वर गेलं. तेव्हा सोव्हिएत संघही कोसळला नव्हता आणि कुणी श्रीमंतही झालं नव्हतं. मोहीम ढिली पडली, आकडा परत घसरला. गरिबीमुळे प्यायला लागले असं म्हणाल तर म्हणा, पण मग मेले कशाने?

हेही माझंच मत वाटत असेल तर बार्नाउल, बीस्क आणि तोम्स्क या तीन रशियन शहरांत दीड लाखांवर लोकांचा अभ्यास झालाय, २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांत आठवड्याला व्होडकाच्या तीन किंवा जास्त बाटल्या पिणाऱ्यांना पस्तिशी ते पंचावन्न या वीस वर्षांत मरण्याचा धोका ३५ टक्के, एका बाटलीपेक्षा कमी पिणाऱ्यांना १६. दोघंही ओढणारेच, तेव्हा सिगरेटचं कारण पुढे करू नका.

आकडे जुने म्हणता, तर २०१९ ला पुरुषांचं आयुर्मान ६८ च्या वर गेलं हे मीच लिहिलंय, व्होडकाच्या २०१० च्या किमान किमतीसकट आणि दारूच्या रात्रीच्या विक्रीबंदीसकट. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर सापडलं असतं.

कागदावरच्या पिढीचं म्हणाल तर ते ठीक आहे, मला माहीत आहे, त्यावर कधीतरी लिहीन. पण २०१८ ला पुरुषांचं पेन्शनचं वय ६० वरून ६५ करायचं ठरलं तेव्हा रस्त्यावर उतरलेली माणसं कागदावरची नव्हती, पेन्शन हातात पडेपर्यंत आपण असू का एवढाच त्यांचा हिशोब होता.

बाकी 'आधी शिका' हे पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा, म्हणजे कुणाकडून शिकायचं तेही कळेल.