करारावर सही झाली म्हणजे जमीन गेली, असं नसतं

सीमावादाची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मोर्चे काढणाऱ्या संघटनांमुळे परराष्ट्र धोरण तसूभरही हलत नाही, हललंच तर त्या सरकारनेच पढवलेल्या असतात, एरवी त्यांना फक्त आग लावता येते.

'तसूभरही हलत नाही'? बेरुबारी बघा. १९५८ मध्ये पंतप्रधान नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान नून यांच्यातल्या करारात पश्चिम बंगालच्या जलपायगुडीतल्या बेरुबारी युनियनचा (गावांच्या गटाचा) दक्षिण भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं. बंगालमध्ये रान उठलं. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती करा. सरकारने नववी घटनादुरुस्ती करूनही दाखवली. तरी ताबा गेला नाही. रहिवासी स्वतः कोर्टात गेले. खटला हरले, पण तोवर वर्षं निघून गेली. मग १९६५ आणि १९७१ची युद्धं झाली, आणि १९७४च्या इंदिरा-मुजीब करारात दक्षिण बेरुबारी भारताकडेच राहिली. युद्धांचा वाटा मोठा, मान्य. पण युद्ध होईपर्यंत ताबा लांबवला कोणी?

त्याच करारात बांगलादेशाला भारतीय भूमीने वेढलेल्या आपल्या दहाग्राम-आंगरपोता वस्तीत जाण्यासाठी तीन बिघा ही १७८ बाय ८५ मीटरची पट्टी भाडेपट्ट्याने द्यायचं कबूल झालं होतं. स्थानिकांची आंदोलनं आणि खटले यांतून वाट काढत ती खुली झाली २६ जून १९९२ला, तीही दिवसातले ठरावीक तासच. सही सरकार करतं. अंमल कधी आणि किती, यात गावकऱ्यांचा हात असतो.

'सरकारनेच पढवलेले' हे काही ठिकाणी खरंही असेल. पण ऑगस्ट २०१२ मध्ये हाँगकाँगचे कार्यकर्ते ज्या बोटीने जपानच्या ताब्यातल्या, पण चीनही हक्क सांगत असलेल्या सेनकाकू (चीनच्या लेखी दियाओयू) बेटांवर पोहोचले, तिला आधी हाँगकाँगच्याच अधिकाऱ्यांनी अडवलं होतं. पढवलेल्या माणसांना कोणी असं अडवत नाही.

राहिली आग. इथे मजकूर अर्धा बरोबर आहे. यातली काही बेटं खासगी मालकाकडून विकत घेण्यासाठी टोकियोचे गव्हर्नर इशिहारा यांनी २०१२ मध्ये लोकांकडून एक अब्ज येनहून जास्त वर्गणी जमवली. बेटं त्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून जपानच्या केंद्र सरकारने त्यातली तीन स्वतःच २.०५ अब्ज येनला विकत घेतली. भडका टाळायला केलेल्या या खरेदीनेच चीनमध्ये शहरोशहरी निदर्शनं पेटली.

पण 'फक्त' आग? छिटमहल म्हणजे एका देशाच्या मालकीची, पण चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेली वस्ती. भारत-बांगलादेश छिटमहल विनिमय समन्वय समिती वर्षानुवर्षं उलटं मागत होती: जमिनींची अदलाबदल करा, आम्हाला कुठल्यातरी एका देशाचे नागरिक करा. ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री बांगलादेशातल्या १११ भारतीय आणि भारतातल्या ५१ बांगलादेशी वस्त्यांची अदलाबदल झाली. त्यात भारताने मिळवली त्याहून जास्त जमीन दिली, आणि तरी शंभरावी घटनादुरुस्ती संसदेत एकाही विरोधी मताशिवाय मंजूर झाली.