झाडं काय बघायची त्यात?

हा प्रश्न मला मुख्याध्यापकांनी विचारून झाला, क्लार्कने विचारून झाला, पालकांनी तर रोज एकेकाने विचारला. काल एसटी आगाराच्या खिडकीतल्या माणसानेही विचारला, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही! अर्जावर ‘राणीची बाग, भायखळा’ वाचून म्हणाला, "पेंग्विन ना?" मी म्हटलं, नाही, झाडं. सातवीच्या मुलांना झाडं दाखवायला नेतेय. तो हसला. शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, तिचा शिक्का मारता मारता हसला.

अहो, त्या बागेच्या अधिकृत नावातच आधी वनस्पती उद्यान येतं आणि मग प्राणिसंग्रहालय. 1862 सालची बाग आहे ती. पेंग्विन लोकांसमोर आले 2017 मध्ये. त्याआधीची दीडशे वर्षं तिथे काय होतं, रिकामं मैदान?

आमच्या सरांनी सहलीचं वेळापत्रक केलं ते बघून माझं डोकंच फिरलं. पोहोचणे, पेंग्विन, वाघ, डबा, मग नेहरू विज्ञान केंद्र, मग गेटवे, मग परत. मी विचारलं, सर, झाडं? तर म्हणे, "ती काय, जाता-येता दिसतातच की." जाता-येता! दोनदोनच्या रांगेत, पुढच्याच्या दप्तराकडे बघत, मागून शिट्टी वाजतेय, "चला, चला, थांबू नका". अशी दिसणार झाडं. आणि परत आल्यावर निबंध: ‘आमची अविस्मरणीय सहल’.

मला काय दाखवायचंय ते कुणी विचारतच नाही, म्हणून इथे सांगते. गोरखचिंच दाखवायचीय. आफ्रिकेतलं झाड, बुंधा असा की पाचसात मुलांनी हात धरून कवेत घ्यायचा. फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं परागीभवन करतात. परागीभवन म्हटलं की आमच्या मुलांना फुलपाखरू आणि मधमाशी, तिसरं नाव सुचत नाही, कारण पुस्तकात चित्र तेवढंच. कैलासपती दाखवायचाय. फुलं फांदीच्या टोकाला नाहीत, थेट खोडातून फुटलेली, आणि फळं तोफगोळ्याएवढी. फुलात पिंड आणि वर नागाचा फणा दिसतो म्हणून आपण त्याला देवळाच्या आवारात लावतो, पण झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. एवढं एक वाक्य त्या झाडाखाली उभं राहून सांगितलं तर वर्ग कसा गप्प होतो ते मला माहितीय. उर्वशी फुललेली असेल तर तीही. म्यानमारची ती, लाल फुलांचे घोस खाली लोंबतात.

आणि सीतेचा अशोक. तो तर दाखवायचाच आहे. आमच्या शाळेच्या कुंपणाला ती उंच, सरळसोट, लांब पानांची झाडं ओळीने उभी आहेत ना, त्यांना अख्खी शाळा अशोक म्हणते. पर्यावरण दिनाच्या फलकावरही तसंच लिहिलंय, शिक्षकांच्या अक्षरात. तो अशोक नव्हे! खरा अशोक बुटका, पसरट, केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा. मी हे शिक्षक-खोलीत सांगितलं तर उत्तर आलं, "परीक्षेला येतं का?"

पालकांचा ग्रुप तर विचारूच नका. "मॅडम, राइड्स आहेत का?" "शेजारच्या शाळेने वॉटर पार्क केलं." "झाडं तर गावाला पण आहेत." आहेत ना! मग मे महिन्यात गावाला जाऊन पोराला त्यातली दहा नावं तरी शिकवलीत का? आंबा, नारळ, वड. गाडी तिथेच थांबते.

कागदपत्रांचा छळ वेगळाच. 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली मुलं बुडाली, त्यानंतर अटी कडक झाल्या, आणि त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पालकांचं संमतीपत्र हवं, प्रथमोपचार पेटी हवी, मुलींसोबत शिक्षिका हव्यात, सगळं मान्य. पण बागेच्या सहलीला माझ्याकडून पाण्यात न उतरण्याचं हमीपत्र तीनदा बदलून घेतलं, आणि गेल्या वर्षी वॉटर पार्कची फाइल मात्र झटक्यात सुटली होती. वॉटर पार्कची! आता यावर मी हसू की रडू?

एवढं करून तारीख कुठली ठरली? बुधवार. बुधवारी बस मोकळी आहे म्हणून बुधवार. बुधवारी राणीची बाग बंद असते हो! शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. मी हे पहिल्या बैठकीत सांगितलं होतं, लेखी दिलं होतं. "बघू, विनंती करू त्यांना." कुणाला विनंती करणार, कुलपाला? शेवटी तारीख बदलली, तर पुन्हा आगार, पुन्हा अर्ज, पुन्हा संमतीपत्रं. सगळ्यांवर जुनी तारीख छापलेली ना.

झाडांसाठी मी एक कागद तयार केला होता. पानाचं चित्र काढा, खोडावर हात फिरवून कसं लागलं ते लिहा, पडलेलं फूल दिसलं तर पाकळ्या मोजा. एका मुलामागे एक कागद, बस. "झेरॉक्सचा खर्च कशात दाखवायचा?" क्लार्कसाहेबांचा प्रश्न. बॅनरचा खर्च बरोबर दाखवता येतो, कारण बॅनरशिवाय फोटो नाही आणि फोटोशिवाय सहलीचा अहवाल नाही. झेरॉक्स मी माझ्या पैशाने काढतेय.

बॅनर आज छापून आला. ‘वनस्पती अभ्यास सहल’, आणि खाली भला मोठा पेंग्विन. ज्याला धरायचाय त्याने धरा, मी त्या फोटोत उभी राहणार नाही.