११२ लावला की आपले ठिकाण आपोआप कळले पाहिजे

उत्तर प्रदेशात ११२ वर फोन करणाऱ्या माणसाचे ठिकाण आता त्याचा अँड्रॉइड फोन स्वतःच नियंत्रण कक्षाला कळवतो. गूगलने ही सेवा भारतात सुरू केल्याचे २०२५ च्या डिसेंबरात जाहीर केले आणि ती प्रत्यक्ष वापरात आणणारे पहिले राज्य उत्तर प्रदेश ठरले. या बातमीची आपल्याकडे म्हणावी तशी चर्चा झाली नाही, याचे मला वाईट वाटते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आपत्कालीन क्रमांकावर, म्हणजे ११२ वर आणि रुग्णवाहिकेच्या १०८ वरही, हीच सोय असली पाहिजे आणि ती केवळ त्या एका कॉलपुरतीच असली पाहिजे, अशी मागणी आपण नागरिकांनी स्पष्ट शब्दांत करायला हवी. तीमागचा विचार सविस्तर मांडण्यासाठी ही पोस्ट लिहीत आहे.

मोबाइलवरून फोन आला की तो कोणत्या टॉवरच्या क्षेत्रातून आला एवढे मोबाइल कंपनीला कळते, आणि परंपरेने नियंत्रण कक्षाला मिळणारी माहितीही तेवढीच असते. दाट वस्तीच्या शहरात टॉवर जवळजवळ असल्यामुळे हे क्षेत्र काहीशे मीटरांचे असू शकते. पण त्या काहीशे मीटरांत दादर किंवा डोंबिवलीसारख्या ठिकाणी किती इमारती आणि किती कुटुंबे राहतात, याचा विचार केला म्हणजे त्या माहितीचा उपयोग किती तोकडा आहे हे लक्षात येते. ग्रामीण भागात आणि डोंगराळ मुलखात एकाच टॉवरचे क्षेत्र कित्येक किलोमीटर पसरलेले असते. त्यामुळे उरलेले सगळे काम फोन करणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर अवलंबून राहते. जिल्हा कोणता, तालुका कोणता, गाव कोणते, वाडी कोणती, जवळची खूण कोणती, असे प्रश्न विचारणे कर्मचाऱ्याला भाग असते. आपल्या राज्यात वडगाव, नांदगाव, पिंपळगाव या नावांची गावे इतकी आहेत की नुसत्या गावाच्या नावावर गाडी पाठवणे कुणालाच शक्य नाही.

काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात आंबा घाटातून रत्नागिरीकडे उतरताना आमच्या पुढे चाललेला एक दुचाकीस्वार घसरून पडला. त्याच्या पायातून बरेच रक्त जात होते. मी मदतीसाठी फोन लावला. पलीकडच्या ताई शांत होत्या, त्यांचा प्रश्न विचारण्याचा क्रमही योग्य होता; पण 'तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यात आहात की रत्नागिरी जिल्ह्यात?' या पहिल्याच प्रश्नाचे खात्रीचे उत्तर त्या धुक्यात आमच्यापैकी कुणालाच देता येईना. वरचे आंबा गाव शाहूवाडी तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात येते आणि खालचे साखरपे संगमेश्वर तालुक्यात, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात. हद्द घाटातच कुठेतरी ओलांडली जाते आणि धुके असले की किलोमीटरचा दगडही दिसत नाही. अखेर मागून आलेल्या एस.टी.च्या चालकदादांनी गाडी थांबवली, माझ्या हातातून फोन घेतला आणि कोणत्या वळणाच्या खाली आम्ही उभे आहोत हे दोन वाक्यांत सांगितले. रुग्णवाहिका साखरप्याच्या बाजूने आली आणि तो मुलगा वाचला. माझ्या मनात मात्र तेव्हापासून एक गोष्ट रुतून बसली आहे. मी बोलत होतो त्या फोनच्या नकाशावर आम्ही उभे होतो ती जागा निळ्या ठिपक्याने अगदी स्पष्ट दिसत होती. फोनला जे माहीत होते ते नियंत्रण कक्षाला माहीत नव्हते, आणि या दोघांच्या मधे घाबरलेली, भिजलेली माणसे निरोप्याचे काम करत होती.

हा अडथळा दूर करणे तांत्रिकदृष्ट्या फारसे अवघड नाही, हे जगात दहा वर्षांहून अधिक काळापूर्वीच सिद्ध झाले आहे. ब्रिटनमध्ये आपत्कालीन फोन स्वीकारणारी बीटी ही कंपनी, ईई ही मोबाइल कंपनी आणि एचटीसी ही फोन बनवणारी कंपनी यांनी मिळून २०१४ मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड मोबाइल लोकेशन' ही पद्धत उभी केली. तिचे तत्त्व साधे आहे. आपत्कालीन क्रमांक लावला जात आहे हे फोन ओळखतो, लोकेशनची सोय बंद असेल तर ती तेवढ्यापुरती चालू करतो, उपग्रह, आसपासचे वाय-फाय आणि टॉवर यांपैकी जे मिळेल त्याच्या आधारे सुमारे वीस सेकंदांत आपली जागा ठरवतो आणि एक छोटा एसएमएस पाठवून देतो. हा संदेश फोनच्या संदेशपेटीत दिसत नाही. त्यात अक्षांश आणि रेखांश असतात, त्या ठिपक्याभोवती किती मीटरांच्या वर्तुळात माणूस असावा हे असते, त्या अंदाजाची खात्री किती टक्के आहे हे असते आणि जागा कोणत्या मार्गाने शोधली हेही असते. एवढी सगळी माहिती एका एसएमएसच्या मर्यादेत बसते, त्यामुळे इंटरनेटची रेंज नसलेल्या, पण कॉल लागणाऱ्या ठिकाणीही ती पोहोचू शकते. आपल्या कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या कितीतरी गावांची स्थिती नेमकी हीच आहे.

२०१६ मध्ये गूगलने ही सोय अँड्रॉइडमध्येच अंतर्भूत केली आणि ब्रिटन व एस्टोनिया हे देश तिचा लाभ घेणारे पहिले ठरले. २०१८ च्या मार्चमध्ये अ‍ॅपलनेही आयफोनमध्ये तिला जागा दिली. युरोपीय संघाने तर कायदाच केला आणि १७ मार्च २०२२ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ही क्षमता असणे बंधनकारक झाले. म्हणजे आपल्या खिशातल्या बहुतेक फोनांमध्ये हे सामर्थ्य कित्येक वर्षे पडून आहे. वेगळे यंत्र विकत घ्यायचे नाही, अ‍ॅप उतरवून घ्यायचे नाही. हवी आहे ती पाठवलेला संदेश स्वीकारून कर्मचाऱ्यासमोरच्या नकाशावर दाखवणारी व्यवस्था, आणि ती उभारण्याची शासनाची इच्छा.

आपल्या देशात प्रयत्न झालेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या त्या भीषण घटनेनंतर निर्भया निधी उभा राहिला. २०१६ च्या नियमांनी १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनांत पॅनिक बटण सक्तीचे केले. साध्या फोनवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरायचे आणि स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे, अशी ती तरतूद होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून ११२ या एकत्रित क्रमांकाची सुरुवात झाली आणि महाराष्ट्रात तो २०२१ मध्ये आला. '११२ इंडिया' नावाचे अ‍ॅपही आहे आणि ते ठिकाण कळवते. परंतु जीवावर बेतलेल्या क्षणी माणूस अ‍ॅप शोधत बसत नाही. तो लहानपणापासून पाठ असलेला आकडा दाबतो. अ‍ॅप आधी उतरवून, नोंदणी करून ठेवावे लागते आणि ते बहुधा ज्यांनी ठेवलेले असते त्यांना मदतीचे इतर मार्गही माहीत असतात. शेतात साप चावलेल्या मजुराच्या किंवा घरात मार खाणाऱ्या बाईच्या हाताशी ते असण्याची शक्यता फार कमी असते.

घरातल्या हिंसाचाराचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. दार बंद करून, दबक्या आवाजात किंवा एक शब्दही न बोलता केलेला कॉल आजच्या पद्धतीत जवळजवळ वाया जातो. नियंत्रण कक्षांना चुकून लागलेले आणि निःशब्द कॉल मोठ्या संख्येने येत असतात, त्यांतला खरा कोणता हे ओळखायला कर्मचाऱ्यापाशी काहीच नसते. फोनने स्वतःहून ठिकाण कळवले, तर पत्ता सांगण्याआधी कुणी फोन हिसकावून घेतला तरी ती जागा नकाशावर राहते आणि पोलीस तिथवर पोहोचू शकतात. अपस्माराचा झटका आलेला, जीभ अडखळणारा पक्षाघाताचा रुग्ण, पत्ता न येणारे लहान मूल, नुकताच परगावी आलेला आणि मराठी न येणारा कामगार, या सर्वांच्या बाबतीत हीच गोष्ट आहे.

या सोयीच्या मर्यादा मात्र तिच्या समर्थकांनीच आधी सांगितल्या पाहिजेत. ठाण्यात राहणारा मुलगा सावंतवाडीजवळच्या वाडीत एकट्या असलेल्या आईसाठी फोन करतो, तेव्हा नकाशावर ठिपका ठाण्याचा येणार आहे. आपल्याकडे घरोघरची मुले शहरात असल्यामुळे असे कॉल थोडे नसतात. म्हणून 'मदत कुठे हवी आहे?' हा प्रश्न ठिपका दिसत असतानाही विचारलाच पाहिजे. मुंबईतल्या तीस मजली इमारतीत अक्षांश-रेखांश मजला सांगत नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर गाडी कोणत्या दिशेच्या मार्गिकेत आहे यावर मदत कोणत्या बाजूने पाठवायची हे ठरते, आणि दहा-पंधरा मीटरांच्या चुकीनेही तिथे उत्तर उलटे येऊ शकते. पुढचा इंटरचेंज दूर असेल तर त्या चुकीची किंमत मोठी असते. कोकणात ठिपका नदीच्या पलीकडच्या तीरावर दिसेल आणि रस्ता मात्र दूरच्या पुलावरून असेल. हे सारे कर्मचाऱ्याला ठाऊक असावे लागते. ठिपक्याभोवतीचे वर्तुळ दहा मीटरांचे आहे की आठशे मीटरांचे, हे त्याला दिसले पाहिजे आणि त्याचा अर्थ लावण्याचे शिक्षण त्याला मिळाले पाहिजे. साधा कीपॅडचा फोन वापरणाऱ्यांना तर या पद्धतीचा थेट लाभ नाहीच. त्यांच्यासाठी टॉवरवरून मिळणारी माहिती अधिक अचूक आणि अधिक वेगाने देण्याची जबाबदारी मोबाइल कंपन्यांवर टाकावी लागेल. पण स्मार्टफोनवरच्या कॉलला लागणारा वेळ कमी झाला तर त्याच कर्मचाऱ्याला साध्या फोनवरून आलेल्या कॉलकडे लक्ष द्यायला अधिक वेळ मिळेल, हाही लाभच आहे.

महाराष्ट्रापुरता एक प्रश्न याहून गंभीर आहे. आपल्याकडे रुग्णवाहिकेसाठी लोकांच्या तोंडी १०८ हाच क्रमांक बसला आहे. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झालेल्या या सेवेने खेडोपाडी विश्वास मिळवला आहे. गोव्यातही माणूस आजारी पडला की हात १०८ कडेच जातो. ठिकाण कळवण्याची सोय केवळ ११२ ला जोडली आणि १०८ बाहेर राहिला, तर जिथे एकेक मिनिट मोलाचे आहे त्या हृदयविकाराच्या, प्रसूतीच्या आणि अपघाताच्या कॉलना तिचा उपयोगच होणार नाही. फोनने कोणते क्रमांक आपत्कालीन मानावेत हे ठरवून घेता येते, त्यामुळे दोन्ही क्रमांक त्या यादीत असावेत आणि एका कक्षात आलेले ठिकाण दुसऱ्या कक्षाकडे कॉलसोबतच जावे, असा आग्रह आरोग्य आणि गृह या दोन्ही खात्यांकडे धरला पाहिजे.

आता पाळतीच्या भीतीविषयी. ती भीती मला खोटी वाटत नाही. त्याच डिसेंबर २०२५ मध्ये, तपास यंत्रणांना अचूक ठिकाण मिळावे म्हणून फोनमधली उपग्रहाधारित लोकेशनची सोय कायम चालू ठेवण्याची सक्ती करावी, असा प्रस्ताव दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने मांडल्याची बातमी रॉयटर्सने दिली होती. असा प्रस्ताव मला पूर्णपणे अमान्य आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये एकमताने सांगितले आहे. परंतु मी स्वतः मदत मागण्यासाठी फोन केला असताना माझे ठिकाण मदत करणाऱ्याला कळणे आणि मी काहीही केलेले नसताना ते कुणालातरी सतत कळत राहणे, या दोन गोष्टींना एका मापाने मोजता येणार नाही. पहिलीत सुरुवात माझ्या बोटाने होते आणि कॉलसोबत ती संपते. या पद्धतीत माहिती फोनकडून थेट आपत्कालीन सेवेकडे जाते, ती गूगलच्या हाती लागत नाही, असे गूगलने सांगितले आहे. जीवाला धोका असलेल्या वैद्यकीय आणीबाणीत संमतीची वाट न पाहता माहिती वापरण्याची मुभा २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यानेही दिली आहे. प्रश्न उरतो तो नियंत्रण कक्षात पोहोचल्यानंतर त्या माहितीचे काय होते हा. ती किती दिवस ठेवली जाईल, कुणाला पाहता येईल, अन्य तपासासाठी वापरायची असल्यास कुणाची लेखी परवानगी लागेल, आणि कोण कधी पाहून गेला याची नोंद राहील का, हे शासनाने सेवा सुरू करतानाच जाहीर नियमांत लिहून द्यावे. मदत मागितली तर आपण कायमचे नोंदवहीत जाऊ, अशी शंका आली तर सर्वांत आधी त्या घरात मार खाणाऱ्या बाईचाच हात फोनपासून मागे येईल.

आपल्यापुरते आज करण्यासारखे एक काम आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनच्या किंवा सुरक्षा व आपत्कालीन सेवेच्या भागात 'इमर्जन्सी लोकेशन सर्व्हिस' असा पर्याय असतो; तो चालू आहे याची खात्री करून घ्यावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्येही पाहावे. चाचणी म्हणून ११२ लावू नये, कारण त्या वेळी दुसऱ्या कुणाचा खरा कॉल रांगेत असू शकतो. आपल्या भागातल्या आमदारांना लिहिताना मात्र ११२ आणि १०८ हे दोन्ही क्रमांक पत्रात आवर्जून नमूद करावेत.