फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा हो!

"ताई, लेखन पूर्ण आहे. तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा."

मुक्त संपादकाची साडेसाती या ‘फक्त’पासूनच लागते. काका सरकारी खात्यातून निवृत्त. आत्मचरित्र ९२,००० शब्दांचं. दर ठरला शब्दामागे ४० पैसे.

पहिलंच वाक्य : ‘सन १९५० मध्ये सातारा येथे माझा जन्म संपन्न झाला.’ ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक!

असल्या मजकुरावर लगेच लाल पेन घेऊन तुटून पडायचं नसतं. पहिलं वाचन हाताची घडी घालून करायचं, म्हणजे लेखकाच्या खोडी कळतात. काकांची खोड ‘च्या माध्यमातून’. आईच्या माध्यमातून संस्कार, एसटीच्या माध्यमातून प्रवास, एकदा तर चक्क मिसळीच्या माध्यमातून पित्त. ‘आईनं शिकवलं’ म्हटलं की निदान आई तरी डोळ्यांसमोर येते.

‘करण्यात आले’ दिसलं की मी समासात एवढंच लिहिते : कुणी केलं? ‘पुलाचे काम सदोष करण्यात आले’ यापुढे तसं लिहिलं, तर काकांनी ते अख्खं पानच काढून घेतलं. ‘माझा विवाह करण्यात आला’ यापुढेही लिहिलं. उत्तर आलं, "वडिलांनी. मला कुणी विचारलं होतं?" ते वाक्य मात्र मी तसंच ठेवलं. त्याहून नेमकं मलाही लिहिता आलं नसतं.

मग टिंबांचं महाभारत. काकांनी बाराखडी गिरवली ती १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधी. त्यामुळे ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’. उच्चारात नसलेला अनुस्वार आता देत नाहीत, हे मी तीनदा सांगितलं. "गुरुजींनी छड्या मारून शिकवलेलं टिंब आहे ते," काका म्हणाले. छडीपुढे नियम काय टिकणार? शेवटी तह झाला : पुस्तकात नवं, अर्पणपत्रिकेत जुनं.

कंस, स्वल्पविराम, उद्गारचिन्हांच्या पलटणी यांवर फार बोलत नाही, त्या कापल्या.

उरली ती लांबलचक वाक्यं. "एक शब्द हलवायचा नाही," काका अडून बसले. अशा वेळी वाद घालू नये. मी एक ४७ शब्दांचं वाक्य त्यांनाच मोठ्यानं वाचायला दिलं. तिसाव्या शब्दाला चेहरा लाल, चाळिसाव्याला खोकला. आतून काकू ओरडल्या, "अहो, क्रियापद येईपर्यंत श्वास तरी घ्या!" त्या दिवशी आमची १४ पानं झाली, तीही त्यांच्याच हातानं.

अखेर पुस्तक ६१,००० शब्दांवर आलं. काका खूश. कॅल्क्युलेटर घेऊन बसले. "एकसष्ट हजार गुणिले चाळीस पैसे... २४,४०० रुपये."

"काका, आपलं ठरलं होतं ९२,००० वर. ३६,८०० होतात."

"अहो, बाकीचे शब्द तर तुम्हीच काढून टाकलेत. नसलेल्या शब्दांचे पैसे कसले?"

हल्ली माझ्या करारात पहिलं कलम असतं : ‘मानधन मूळ हस्तलिखिताच्या शब्दसंख्येवर आकारण्यात येईल.’ कोण आकारणार, ते समासात विचारू नये.