गणपती चिकटतो का बघ

आमचं न्यू जर्सीतलं घर 1912 सालचं. दाखवताना एजंटबाईंनी 'कॅरॅक्टर' हा शब्द सहा वेळा वापरला होता. मराठीत त्याला जुनाट म्हणतात, हे सह्या झाल्यावर लक्षात आलं. त्यातलं बरंचसं कॅरॅक्टर तळघराच्या छताला लोंबकळतंय. सतरा पाईप. जुलैतल्या एका शनिवारी वॉशिंग मशीनमधून कपडे काढताना बायकोच्या मानेवर थेंब पडला आणि तिने वर बघत विचारलं, "हा पाईप कशाचा रे?"

"पाण्याचा."

"ते कळलं मला. बाकीचे सोळा?"

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत रात्रीचे दहा वाजले होते, पण बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. त्यांना तब्येत विचारलेली आवडत नाही, पाईप विचारलेला आवडतो. चष्मा चढवून ते उठून बसले. "आधी लोहचुंबक लाव."

घरात लोहचुंबक एकच, फ्रिजवरचा पालीचा बल्लाळेश्वर. तो घेऊन मी तळघरात उतरलो आणि पाईपमागून पाईप गणपती चिकटवत सुटलो. काळ्या लोखंडी पाईपला चिकटला, तो गॅसचा. जीआयच्या, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाईपलाही चिकटला. भिंतीतून वर जाऊन मध्येच बूच मारून संपलेल्या बारक्या लोखंडी नळ्यांनाही चिकटला. त्या गॅसच्या दिव्यांच्या. वीज टिकते की नाही अशी घर बांधणाऱ्याला शंका असावी, म्हणून त्याने दोन्ही सोयी करून ठेवल्या होत्या. कोपऱ्यातला जाडजूड पाईप बाबांनी गणपतीविनाच ओळखला. "बिडाचा आहे, संडासाचा. सांध्यात ताग ठोकून वर शिसं ओतलंय बघ. काय काम आहे! जरा जवळ ने कॅमेरा." संडासाच्या पाईपकडे इतक्या प्रेमाने बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

रस्त्याच्या बाजूने आत येणारा राखाडी पाईप मात्र सांध्यापाशी फुगला होता, अजगराने ससा गिळावा तसा. तिथे बल्लाळेश्वर चिकटेना. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा खाली पडला. वरून बायको म्हणाली, "देवाला कुठे कुठे लावतोयस?"

"किल्लीने खरवड," बाबा म्हणाले. लोण्यासारखा खरवडला गेला आणि आत कोऱ्या रुपयासारखी चकाकी. बाबा क्षणभर गप्प. "शिसं. हे पाणी पिता तुम्ही?"

शिशाची संज्ञा पीबी का, असं विचारून मी सातवीत छडी खाल्ली होती. लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात आणि प्लंबर हा शब्दही तिथूनच आला, हे कळायला मला अमेरिकेत घर घ्यावं लागलं. पिण्याच्या पाण्यासाठी नवे शिशाचे पाईप टाकायला या देशात 1986 साली बंदी आली, पण आमचा पाईप त्याआधीच्या पिढीतला. न्यू जर्सीने 2021 साली कायदा केलाय की असे सगळे पाईप दहा वर्षांत बदलायचे. मी रीतसर कळवलंय, यादीत आहोत. तोवर फिल्टर.

थंडीत घर गरम ठेवणाऱ्या वाफेच्या पाईपांवर पांढरं वेष्टण होतं, कडेने खोक्याच्या पुठ्ठ्यासारखं नागमोडी. "ते काढ, आत काय आहे बघू," बाबा. मी नख लावणार तोच बायको जिन्यावरून ओरडली, "हात लावू नकोस! ॲस्बेस्टॉस असेल ते!" अखंड असेल तर राहू द्यायचं, धूळ उडाली की छातीत जाते. सुनेचं म्हणणं बाबांनी एका वाक्यात मान्य केलं. असं आमच्याकडे पूर्वी झालेलं नाही.

एव्हाना तो थेंबही उलगडला होता. गळती नव्हतीच. दमट हवेत गार पाईपला सुटलेला घाम. पण आता थेंबात कुणाला रस होता? जमिनीलगत भिंतीत शिरणारे दोन बारीक तांब्याचे पाईप सापडले होते, हातोडीने टोकं चेचून बंद केलेले.

"किती जाड?"

"तीन अष्टमांश इंच."

"तीन सूत म्हण. बाहेर जाऊन बघ, त्याच रेषेत काय आहे."

झुडपात टोपी घातलेला एक पाईप उभा होता. मी दोन वर्षं त्याला कुंपणाचा खांब समजत होतो. तो होता जमिनीखालच्या तेलाच्या टाकीचा श्वास. पूर्वी बॉयलर तेलावर चालायचा. गॅस आल्यावर तांब्याच्या नळ्या चेचल्या आणि टाकी तशीच पुरून ठेवली. टाकी गळकी निघाली तर माती उपसायचा खर्च डाउन पेमेंटशी स्पर्धा करतो, हे मी बाबांना सांगत होतो. त्यांनी अर्धंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं की अमेरिकेत आमच्या अंगणात तेल लागलंय.

यंत्र घेऊन आलेल्या माणसाने परसात फेऱ्या मारल्या आणि ते नेमकं बायकोच्या मेथीच्या वाफ्यावर किंचाळलं.

"तरीच म्हटलं मेथी कडू का लागते," मी म्हणालो.

ती हसली नाही.

टाकी निघाली, सुदैवाने कोरडी आणि धडधाकट. मग मी प्रत्येक पाईपला चिकटपट्टी लावून बॉलपेनने नावं लिहिली. 'गॅस'. 'गार पाणी'. 'शिसं'. 'संडास, बाबांना आवडतो'. 'हात लावू नये'. पुढच्या आठवड्यात प्लंबर आला. एवढी देवनागरी बघून त्याने आधी टोपी काढली आणि मग हे मंत्र आहेत का, असं हळूच विचारलं. सतराव्या पाईपपाशी तो बराच वेळ थांबला. हा एका भिंतीतून येतो, मध्ये विनाकारण दोन वळणं घेतो आणि दुसऱ्या भिंतीत जातो. गणपती चिकटतो, ठोकलं तर पोकळ वाजतो, गरम नाही, गार नाही. यावर काय लिहिलंय, त्याने विचारलं.

"देव जाणे," मी अर्थ सांगितला.

त्याने मान डोलावली आणि बिलावर तेच लिहिलं, त्याच्या भाषेत.

बाबा म्हणतात, कापून बघ. रोज रात्री दहा वाजता म्हणतात. करवत बायकोने लपवून ठेवलीय.