वाळलेलं झाड उभं राहू द्या

नागपुरातल्या आमच्या घरासमोरच्या कडुलिंबाची एक फांदी तीन वर्षांपासून वाळलेली होती. मनगटाहून जाड, पान एक नाही. फेब्रुवारीत तांबट पक्ष्यानं तिच्या खालच्या अंगाला भोक पाडायला घेतलं. रोज सकाळी गेटवर पिवळसर भुसा पडलेला असायचा. काही दिवसांत दहा रुपयांच्या नाण्याहून जरा मोठं, कंपासनं आखल्यासारखं गोल दार तयार झालं. एप्रिलमध्ये आतून पिल्लांचा आवाज यायला लागला आणि त्याच आठवड्यात पावसाळ्याआधीच्या छाटणीची गाडी आली. मी गोकुळपेठेत भाजीला गेले होते. परत आले तर फांदी ट्रॉलीत पडलेली.

"मॅडम, वाळलेलीच होती, काही कामाची नव्हती," तो मुलगा म्हणाला. त्याच्यावर राग नाही. आपण सगळे हेच समजतो, आणि जंगलाबाबतही हेच समजतो. म्हणून आज लिहितेय.

तांबट काय किंवा सुतारपक्षी काय, घर कोरतो ते बहुतेक मेलेल्या नाहीतर कुजक्या लाकडात, कारण जिवंत लाकूड त्या चोचीला भारी पडतं. त्यांनी सोडलेल्या भोकात मग दयाळ येतो, मैना येते. पण राखी धनेशाचं काय? सेमिनरी हिल्सवर, सिव्हिल लाइन्समध्ये आपण त्याला कौतुकानं बघतो. त्याला ढोली कोरताच येत नाही. मादी तयार ढोलीत शिरते, दार लिंपून स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून एकेक फळ देत राहतो. एवढी मोठी ढोली व्हायला आधी फांदी मोडावी लागते, मग पाणी मुरतं, बुरशी शिरते, गाभा कुजतो. त्यात कित्येक वर्षं जातात. आपला रानपिंगळा, ते छोटं घुबड, तोही असाच ढोलीतला. शंभराहून जास्त वर्षं तो कुणाला खात्रीनं दिसला नव्हता. 1997 मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला, नंतर मेळघाटातही. त्याच्यासाठी जंगल वाचवायचं म्हणजे जुनी, पोकळ, अर्धी मेलेली झाडं वाचवायची.

उमरेडकडे जाताना सागाची लागवड लागते. सरळ रांगा, सरळ खोडं, बघायला सुंदर. तिथं ठरावीक वर्षांनी विरळणी होते. वाकडं, रोगट, दुबेळक्याचं, वाळलेलं झाड आधी काढतात. म्हणजे ज्याला उद्या ढोली पडणार होती तेच पहिलं जातं. उरलेली भरात असतानाच तोडून डेपोत जातात. अशा रानात झाड म्हातारं होतच नाही.

याच्या उलट गडचिरोलीतल्या आलापल्लीचं वनवैभव. जुन्या जंगलाचा जेमतेम 6 हेक्टरचा तुकडा, 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालेला. तिथं एक पडलेला ओंडका मी बराच वेळ बघत बसले होते. वरची साल सुटलेली, तिच्याखाली भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा. एका टोकाला पंख्यासारखी कडक अळंबी. खाली बोट घातलं तर माती गार आणि ओली. भर मे महिन्यात, विदर्भात! एक सापसुरळी तिथूनच निघून गेली. वाळवी, आमच्याकडची उधई, होतीच. तीच उधई अस्वलाचं खाणं आहे. तिच्याच वारुळातून पावसाळ्यात सात्या, म्हणजे खायची अळंबी, उगवतात. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या सात्यांची भाजी आपण बोटं चाटत खातो, पण ती सुरू होते वाळलेल्या लाकडापासून.

मेलेलं झाड म्हणजे वाया गेलेला माल, ही समजूत जुनी आहे. 1864 मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले ते डीट्रिख ब्रँडिस, जर्मन. त्यांच्यासोबत मोजणीचं, कापणीच्या चक्राचं वनशास्त्र आलं. त्या शास्त्रानं अंदाधुंद तोड थांबवली, हे मी मानते. पण त्याच्या वहीत जंगल म्हणजे लाकूड. युरोपला स्वतःलाच याचा फटका बसला. दक्षिण फिनलंडच्या जुन्या जंगलांत हेक्टरी साधारण 60 ते 120 घनमीटर मेलेलं लाकूड असतं, तिथल्याच कापणीच्या जंगलांत काही थोडे घनमीटर. आणि त्या देशातल्या जंगलातल्या प्रजातींपैकी पाचवा हिस्सा तरी मेलेल्या लाकडावर अवलंबून आहे. आता तिथं तोडणीच्या वेळी काही झाडं मुद्दाम मरायला ठेवतात. तिकडचे आकडे इथं चालायचे नाहीत. थंडीत लाकूड हळू कुजतं, आपल्याकडे उधई आणि वणवा ते लवकर संपवतात. म्हणून तर उरलेलं जास्त मोलाचं.

कीड पसरेल, असं म्हणणारे भेटतात. भीती अगदीच खोटी नाही. मध्य प्रदेशात 1990 च्या दशकाच्या अखेरीस सालवृक्ष पोखरणाऱ्या भुंग्यानं लाखो झाडं घालवली. पण तो भुंगा मुख्यतः कमजोर झालेल्या किंवा नुकत्या पडलेल्या सालवृक्षावर जातो. दहा वर्षांपूर्वी मेलेल्या ऐनाच्या नाहीतर धावड्याच्या खोडात त्याचं काम नाही. आणि आपल्या सागाची जाळी करणारी अळी पानावर जगते, ओंडक्यावर नाही.

सरपणाचं नाव काढून गावातल्या बायांकडे बोट दाखवू नका, एवढी विनंती आहे. डोक्यावरच्या मोळीत काटक्या असतात, बोटाएवढ्या, फार तर मनगटाएवढ्या. दोन माणसांच्या कवेत न मावणारं वाळलेलं खोड त्या नेत नाहीत. ते ट्रकनं जातं. माझं म्हणणं फक्त त्या जाड खोडांबद्दल आहे. प्रत्येक कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या भागात, हेक्टरी आठ-दहा तरी जाडजूड झाडं, वाळलेली आणि वाळायला लागलेली, रंगाचा पट्टा मारून कायमची सोडा. पडली की पडल्या जागी राहू द्या. जाळरेषेजवळची, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याजवळची, हवी तर काढा.

शहरातही हे जमतं. आमच्या कॉलनीच्या मागच्या कोपऱ्यात एक गुलमोहर उन्हाळ्यात मेला. मीटिंगमध्ये दोन तास वाद झाला. शेजारचे काका म्हणाले, "ताई, पोरं खेळतात तिथं, कोणाच्या डोक्यात पडलं तर?" त्यांचं बरोबर होतं. मग वरच्या सगळ्या फांद्या उतरवल्या आणि बारा फुटांचं खोड ठेवलं. विजेची तार वीस फुटांवर आहे, खेळायची जागा त्याच्याही पलीकडे. टेप घेऊन मीच मोजलंय. काका दर रविवारी जाऊन ते हलवून बघतात.